स्पेरीलाइट: शोधायचे कुठे, ओळखायचे कसे

स्पेरीलाइट म्हणजे प्लॅटिनमचे आर्सेनाइड. वजनाने सुमारे ५७ टक्के प्लॅटिनम, बाकी आर्सेनिक. कॅनडातल्या सडबरीच्या नमुन्यांवरून १८८९ मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले. रशियातले तालनाख आणि दक्षिण आफ्रिकेतले बुशवेल्ड हीदेखील नावाजलेली ठिकाणे. मॅफिक व अल्ट्रामॅफिक (लोह-मॅग्नेशियम भरपूर असलेल्या गडद) खडकांत पिऱ्होटाइट, पेंटलँडाइट आणि कॅल्कोपायराइट ही लोह, निकेल व तांब्याची सल्फाइड खनिजे एकत्र दिसली की तिथला नमुना घ्या. नुसत्या डोळ्यांना काही दिसले नाही तरी तो टाकू नका, दाणे बहुधा मिलिमीटरच्या अंशाएवढेच असतात.

खनिज ठिसूळ असल्यामुळे नमुना एका दमात दळला तर त्याचाच भुगा होतो आणि धुताना गाळाबरोबर वाहून जातो. थोडे कुटा, चाळा, वर राहिलेले पुन्हा कुटा. धुण्याच्या पाण्यात द्रवसाबणाचा एखादा थेंब हवाच. विशिष्ट गुरुत्व (वि. गु., म्हणजे पाण्याच्या किती पट जड) १०.६ असूनही बारीक कोरडे दाणे पृष्ठताणामुळे तरंगतात आणि पहिल्याच पाण्याबरोबर ओतले जातात. मग चुंबकाने मॅग्नेटाइट वेगळे करा, पण तो भाग जपून ठेवा: लोहयुक्त प्लॅटिनमही चुंबकाला चिकटू शकते.

रंग कथिलासारखा पांढरा, चमक धातूसारखी, कस (घासल्यावर उमटणारी रेघ) काळा, कठिनता ६ ते ७, स्फटिक घनीय. दाणा सुईने दाबून पाहा. नैसर्गिक प्लॅटिनम चपटे होते, गॅलेनावर (शिशाच्या सल्फाइडवर) ओरखडा उठतो, स्पेरीलाइट फुटते. खरा चकवा आर्सेनोपायराइटचा (लोह, आर्सेनिक व गंधकाचे खनिज), कारण तोही पांढरट, कठीण आणि ठिसूळ. त्याचे वि. गु. जेमतेम ६, त्यामुळे तो धुण्याच्या तबकात पुढे सरकतो; चकचकीत केलेला छेद सूक्ष्मदर्शकाखाली, परावर्तित प्रकाशात निकोल (प्रकाश ध्रुवित करणारे प्रिझम) एकमेकांना आडवे करून फिरवला की त्याचा रंग पालटतो. समदिक् (प्रकाशाच्या बाबतीत सर्व दिशांनी सारखे) स्पेरीलाइट काळेच राहते. तापवून लसणासारखा वास घेण्याची जुनी चाचणी इथे निरुपयोगी, कारण आर्सेनिक दोघांतही आहे. वर ती वाफ विषारी.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाणा लख्ख दिसतो, आणि घाई नडते ती इथेच. दाण्यातली मूलद्रव्ये तिथे क्ष-किरणांच्या रेषांवरून, म्हणजे त्यांच्या ऊर्जेवरून ओळखतात. प्लॅटिनमची २.०५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची रेषा झर्कोनियमच्या २.०४ वर बसते, म्हणून झिरकॉनही (झर्कोनियमचे खनिज) प्लॅटिनम वाटू शकतो. आर्सेनिकची १०.५ ची रेषा शिशाच्या रेषेशी जुळते, १.२८ ची मॅग्नेशियमच्या १.२५ जवळ पडते. विद्युत्‌दाब २० किलोव्होल्टच्या आसपास ठेवा आणि प्लॅटिनमची ९.४४ ची रेषा दिसल्याशिवाय नोंद करू नका.