कैसरच्या सैन्यातील ज्यू सैनिकाचा माग कसा काढावा

पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते आणि त्यांतील सुमारे १२,००० जण मारले गेले. त्यांच्यापैकी कोणा एकाचा शोध घेऊ पाहणारा बहुधा नावापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडतो. कोहन किंवा लेवी या आडनावांवरून काही अंदाज बांधता येतो. परंतु मायर, फ्रँक, श्टर्न ही आडनावे ख्रिस्ती घरांतही सर्रास आढळतात आणि त्या पिढीतील ज्यू आईबापांनी मुलांची नावे लुडविग, झीगफ्रीड अशी अस्सल जर्मन वळणाची ठेवली होती. म्हणून नावाआधी गाव शोधावे. सैनिकाचे जन्मगाव आणि भरतीच्या वेळचे राहण्याचे ठिकाण या दोन गोष्टी हाती आल्याशिवाय पुढचे काहीही करू नये.

गावाला इतके महत्त्व असण्याचे कारण असे की, जर्मन साम्राज्यात प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग या राज्यांची युद्धमंत्रालये वेगवेगळी होती आणि कागदपत्रेही वेगवेगळ्या ठिकाणी राहिली. प्रशियाच्या सैन्याची बहुतेक वैयक्तिक कागदपत्रे १४ एप्रिल १९४५ च्या रात्री पोट्सडॅमवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात लष्करी अभिलेखागाराबरोबर जळाली. बव्हेरियाची मात्र वाचली. म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारातील नोंदवह्यांत सैनिकाचा जन्म, व्यवसाय, आईवडील, लढाया, जखमा आणि पदके यांच्या जोडीला धर्माचाही रकाना असतो. व्युर्टेम्बर्गसाठी श्टुटगार्ट आणि स्वतःचे युद्धमंत्रालय नसलेल्या बाडेनसाठी कार्ल्सरूह गाठावे लागते. उदाहरणार्थ, ज्यू अधिकारी लेफ्टनंट ह्यूगो गुटमन बव्हेरियन रेजिमेंटमध्ये होता, म्हणून त्याचा शोध म्युनिककडे वळतो. तर सप्टेंबर १९१४ मध्ये स्वयंसेवक म्हणून लढताना पडलेले मानहाइमचे खासदार लुडविग फ्रँक यांचा शोध बाडेनमुळे कार्ल्सरूहकडे. पोझेन किंवा ब्रेस्लाउचा सैनिक असेल तर ती शहरे आज पोलंडमध्ये आहेत आणि त्यांची नावेही बदललेली आहेत, हे ध्यानात ठेवावे. कुटुंबाच्या आठवणीत गाव व्हिएन्ना, प्राग किंवा लेम्बर्ग असेल, तर तो सैनिक बहुधा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात असणार आणि तो शोध पूर्णपणे निराळा आहे.

प्रशियाच्या सैनिकाबाबत मुख्य आधार म्हणजे युद्धकाळात नियमितपणे छापल्या गेलेल्या हानी-याद्या, ज्यांना जर्मनमध्ये 'फेरलुस्टलिस्टन' म्हणतात. मृत, जखमी, बेपत्ता आणि युद्धकैदी अशा लक्षावधी नोंदी त्यांत आहेत आणि जर्मनीतील एका वंशावळी-संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्यांची विनामूल्य सूची तयार केलेली आहे. या याद्या वापरताना तीन बाबी सांभाळाव्यात. पहिली, यादीची तारीख ही घटनेची तारीख नव्हे. मधे कित्येक आठवडे, कधी महिनेही गेलेले असतात. दुसरी, सुरुवातीच्या याद्यांत रेजिमेंट दिलेली असते, परंतु युद्धाच्या उत्तरार्धातील याद्यांतून ती वगळलेली आहे, त्यामुळे त्या काळातील सारख्या नावाची माणसे वेगळी ओळखण्यासाठी गाव फार महत्त्वाचे ठरते. तिसरी, छपाई जुन्या फ्राक्टुर लिपीत आहे आणि तिच्यात लांब 'एस' व 'एफ' सहज एकमेकांसारखे वाटतात, म्हणून नाव सापडले नाही तर चुकीच्या वाचनाची कल्पना करून पुन्हा शोधावे. एकदा 'बेपत्ता' असलेला मनुष्य पुढच्या एखाद्या दुरुस्तीत 'कैदेत' म्हणून येतो, तेव्हा पहिल्या नोंदीवर थांबू नये.

हानी-याद्यांत धर्म मात्र दिलेला नाही, आणि ही उणीव भरून काढणारे साधन ज्यू सैनिकांनी स्वतःच निर्माण केले. लेओ लोवेनश्टाइन यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या ज्यू आघाडी-सैनिकांच्या संघटनेने १९३२ मध्ये युद्धात पडलेल्यांचा स्मृतिग्रंथ काढला, ज्यात दहा हजारांहून अधिक नावे आहेत. जिवंत परतलेल्यांसाठी त्या काळची ज्यू नियतकालिके चाळावीत. फ्रँकफर्टच्या विद्यापीठ ग्रंथालयाने त्यांतील पुष्कळशी आंतरजालावर ठेवली आहेत. धर्मांतर केलेले लोक मात्र या साधनांतून निसटू शकतात. वैमानिक व्हिल्हेल्म फ्रांकल याला १९१६ मध्ये सर्वोच्च लष्करी पदक मिळाले. तो ज्यू कुटुंबात जन्मलेला होता, परंतु पुढे ख्रिस्ती झाला.

हुद्द्यावरूनही काही तपासता येते. प्रशियात १८८५ नंतर युद्ध सुरू होईपर्यंत एकाही बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूला राखीव अधिकारी होऊ दिले नाही, बव्हेरियात मात्र ते शक्य होते. त्यामुळे 'पणजोबा १९१० मध्ये प्रशियन अधिकारी होते' ही घरातली गोष्ट ऐकली की आधी शंकाच घ्यावी. ऑक्टोबर १९१६ च्या आदेशाने झालेल्या ज्यू सैनिकांच्या गणनेवर तर विसंबूच नये. ज्यू आघाडी टाळतात या आरोपातून ती झाली, तिचे निष्कर्ष युद्धकाळात सरकारने प्रसिद्धच केले नाहीत आणि शोधकाला हवी असते तशी नावनिशी तिच्यातून मिळत नाही.

घरातील कागद शेवटी नव्हे, पहिल्याच दिवशी मागून घ्यावेत. १३ जुलै १९३४ रोजी सुरू झालेला युद्ध-सन्मान क्रॉस ज्यू सैनिकांनाही मिळत असे आणि त्याच्या प्रमाणपत्राच्या माथ्यावर 'फ्यूरर आणि राइश चॅन्सेलर यांच्या नावे' असा मजकूर असतो, जो नातवंडांना पाहताना अविश्वसनीय वाटतो. तलवारी असलेला क्रॉस आघाडीवर लढलेल्यांचा, बिनतलवारींचा इतर युद्धसहभागींचा. विधवा आणि आईवडिलांसाठी वेगळा प्रकार होता. म्हणजे त्या धातूच्या तुकड्यावरूनच पणजोबा आघाडीवर होते की नाही हे कळते. १९३९ पासूनच्या कागदांत पुरुषांच्या नावात 'इस्राएल' हे सक्तीने जोडलेले दुसरे नाव दिसते. १९१४ च्या याद्यांत ते घालून शोधू नये. पुढे काय झाले हे पाहण्यासाठी जर्मन संघीय अभिलेखागाराचा नाझी छळबळींचा स्मृतिकोश आणि अशाच बळींची कागदपत्रे जपणारे आरोल्सनचे अभिलेखागार तपासावे.

अभिलेखागाराला पत्र लिहिताना पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, रेजिमेंट आणि हानी-यादीचा क्रमांक इतकेच द्यावे, घराण्याचा इतिहास नको, आणि उत्तर हस्तलिखित कागदाच्या प्रतीच्या रूपाने आले तर तो कुरेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षर-वळणात असेल, ज्यात 'एन', 'यू' आणि 'ई' एकसारखे दिसतात, हे गृहीत धरून गावाचे नाव जुन्या नकाशाशी ताडून पाहावे.