नळाला गटाराचा वास: दोष कुठे आहे ते शोधण्यापासून तक्रार तडीस नेईपर्यंत

इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून येतं. ७० किलोमीटरचं अंतर, मध्ये विंध्याचा चढ, आणि १९७८ पासून चालत आलेला पंपांचा खर्च. एवढ्या लांबून शुद्ध करून आणलेलं पाणी बिघडतं ते बहुधा शेवटच्या शे-दोनशे मीटरांत: गल्लीतल्या लाइनीत, घरच्या जोडणीत नाहीतर अंगणातल्या हौदात. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसं दगावली. तेही स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या शहरात. कचऱ्याची गाडी दारात येते म्हणून तिच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. पाइप जमिनीखाली असतो.

तक्रार करण्याआधी अर्धा तास खर्च करून दोष कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवलं, तर पुढचे आठ-पंधरा दिवस वाचतात. नुसतं ‘गंदा पानी आ रहा है’ असं लिहिलेली तक्रार कशी मिटते? कर्मचारी दुपारी येतो, नळ कोरडा असतो, ‘मौके पर समस्या नहीं पाई गई’ असं लिहून जातो. तो खोटंही लिहीत नसतो.

घाण आत येते कशी

बऱ्याच भागांत पाणी एक दिवसाआड सोडतात. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होत जातो, दाब शून्यावर किंवा त्याखाली येतो, आणि बाहेर साचलेलं ड्रेनेजचं पाणी त्याच भोकातून आत ओढलं जातं. ड्रेनेज मात्र चोवीस तास भरलेली असते. म्हणून ‘लाइन फुटली असती तर पाणी वर आलं असतं’ हा युक्तिवाद अर्धाच खरा. फुटकी जागा ड्रेनेज चेंबरला लागून असेल तर पाणी चेंबरातच उतरतं, रस्ता कोरडाठाक राहतो.

यात भर टुल्लू पंपाची. लाइनीला थेट पंप लावला की पुरवठा चालू असतानाही पाइपात ओढ तयार होते. आपल्या पंपाने शेजारच्या चेंबरचं पाणी आपण स्वतःच आत ओढतो, आणि आपल्यापुढच्या चार घरांनाही पोचवतो. हौद बांधून पाणी आधी त्यात पडू द्यावं आणि पंप हौदावर लावावा. थेट पंप हा नियमाने गुन्हा आहे की नाही हा वाद नंतर. आधी तो बंद करा, नाहीतर पुढची कुठलीच चाचणी खरी येणार नाही.

तीन बाटल्या आणि एक घड्याळ

पुरवठ्याच्या दिवशी हौदाच्या अलीकडे, थेट लाइनीवर जी टोटी असेल तिथे उभे राहा. वरच्या टाकीचं पाणी तपासून काहीच कळत नाही. पारदर्शक बाटल्या घ्या: एक पहिल्या मिनिटाला, दुसरी पाचव्या, तिसरी पंधराव्या मिनिटाला भरा. मधल्या वेळात नळ चालू ठेवून पाणी बादल्यांत धरा. प्रत्येक बाटलीवर वेळ लिहा, झाकण लावा, दहा मिनिटांनी हलवून वास घ्या. थंड पाण्याला वास कमी येतो. शंका असेल तर थोडं पाणी कोमट करून हुंगा.

आता हिशेब. घरच्या जोडणीचा अर्धा इंची पाइप एका मीटरमध्ये साधारण १८० मिलिलीटर पाणी धरतो. म्हणजे १० मीटरच्या जोडणीत दोन लिटरसुद्धा पाणी नसतं. १५ लिटरची पहिली बादली भरेपर्यंत ती सात-आठ वेळा धुऊन निघालेली असते. म्हणून पहिली बादली घाण आणि दुसरी स्वच्छ असेल, तर दोष तुमच्या जोडणीत किंवा तिच्या अगदी जवळ आहे. दुसरी, तिसरी बादलीही वास मारत असेल तर घाण गल्लीच्या लाइनीतून येते आहे: ४ इंची लाइन एका मीटरला जवळजवळ ८ लिटर धरते, १०० मीटरला ८०० लिटर, आणि ती तुमच्या एका नळाने धुतली जात नाही. पहिलं पाणी स्वच्छ येऊन दहा-पंधरा मिनिटांनी वास सुरू झाला तर दोष वरच्या बाजूला, लांब आहे. आणि वास फक्त पंप चालू केल्यावरच येत असेल तर उत्तर वर दिलेलंच आहे.

मग शेजारी विचारा, पण नीट विचारा. ‘तुमच्याकडे पण येतं का?’ एवढ्याने भागत नाही. किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं, थेट नळाला की टाकीच्या, हे विचारा. कागदावर गल्लीचा साधा नकाशा काढा: घरं, पाणी कोणत्या टोकाकडून येतं ती बाजू, ड्रेनेजचे चेंबर. घाण पाणी येणाऱ्या घरांवर फुली मारा. पाणी येण्याच्या दिशेने पाहिलं तर शेवटचं स्वच्छ घर आणि पहिलं फुलीचं घर यांच्या मध्ये खोदायचं असतं. तिथे चेंबर किंवा नालीखालून गेलेली जोडणी दिसली तर तुमचं निम्मं काम झालं. राजवाड्याभोवतीच्या अरुंद गल्ल्यांत हे पुष्कळदा एका नजरेत दिसतं, कारण तिथे लोखंडी पाइप उघड्या नालीतूनच घरात शिरलेले असतात.

चाचण्या: कोणती कामाची, कोणती फसवी

सगळ्यात फसवं यंत्र म्हणजे आरओ विकणाऱ्याने दिलेला टीडीएस मीटर. तो विरघळलेले क्षार मोजतो, मैला नाही. नर्मदेच्या पाण्यात थोडंसं ड्रेनेज मिसळलं तरी आकडा फारसा हलत नाही, आणि बोरिंगचं निर्दोष पाणी त्याच मीटरवर ‘वाईट’ ठरतं.

उपयोगी चाचणी क्लोरीनची. ऑर्थोटोलिडीनचे थेंब आणि रंगपट्टी असलेला छोटा संच बाजारात मिळतो. पाणी भरल्या भरल्या थेंब टाका आणि लगेच रंग पाहा. पाच मिनिटांनी वाढलेला रंग धरू नका, त्यात बांधलेला, म्हणजे घाणीशी आधीच जुळून दुबळा झालेला क्लोरीनही मोजला जातो. नळाशी मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथीच्या काळात ०.५. हे भारतीय मानक १०५००चे आकडे. इथेही युक्ती आहे: फुलीच्या घरात क्लोरीन शून्य आणि त्याच लाइनीवर अलीकडच्या घरात ०.२ किंवा जास्त, तर मधे काहीतरी क्लोरीन खाऊन टाकतं आहे. हा पुरावा वासापेक्षा भारी पडतो, कारण तो आकडा आहे. तपासलेलं पाणी फेकून द्या, ते रसायन पोटात जायचं नाही.

दुसरी, एच-टू-एस बाटली: मैल्यातले जंतू असतील तर पाणी काळं करणारी. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. काळी पडली तर मैल्याचा संशय पक्का. बोरिंगच्या पाण्यात मात्र ती कधीकधी उगाच काळी पडते, म्हणून शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. तिथे ‘ई. कोलाय’ आणि ‘टोटल कोलिफॉर्म’ या दोनच जंतूंच्या चाचण्या मागा. १०० मिलिलीटरमध्ये दोन्ही नसायला हवेत. बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, ती विसळू नका. टोटीचं तोंड पुसून ज्योतीने शेकवा (प्लास्टिकची असेल तर स्पिरिटने पुसा), बाटली काठोकाठ न भरता थोडी जागा सोडा, बर्फात ठेवा, शक्यतो सहा तासांत पोचवा. बिसलेरीच्या जुन्या बाटलीतून संध्याकाळी नेलेल्या नमुन्याचा अहवाल कोणीही उडवून लावेल.

दोष सापडेपर्यंत प्यायचं पाणी

पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, तरी गढूळ असेल तर आधी गाळा आणि पाच मिनिटं ठेवा. साठवणीच्या पाण्याला ब्लीचिंग पावडर: १००० लिटरला ताजी पावडर अडीच ग्रॅम. आधी मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. मग क्लोरीन मोजा, ०.५ दिसत नसेल तर पुन्हा तेवढीच मात्रा. उघड्या पोत्यातली पावडर ओलाव्याने निकामी होते, म्हणून मापापेक्षा मोजणीवर भरवसा ठेवा. वास मारणाऱ्या पाण्यात कितीही क्लोरीन टाकून ते प्यायचं नाही. ते टँकरचं काम आहे, आणि निगमकडे (महापालिकेकडे) टँकर मागणं हा तक्रारीचाच भाग.

एकाच लाइनीवरच्या दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर थांबू नका, जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये घरांच्या पत्त्यांसह सांगा. आरोग्य खात्याची नोंद झाली की पाण्याची फाइल वेगळ्या वेगाने हलते.

आधी आपला हौद

लोकमान्य नगर, सुदामा नगरसारख्या वसाहतींत जमिनीखालचा हौद आणि घराचा ड्रेनेज चेंबर बऱ्याचदा हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर असतात. रात्री हौद भरून टोटी, पंप, फ्लोट सगळं बंद करा, पातळीला खडूने खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर भिंतीला फट आहे, आणि ज्या फटीतून पाणी बाहेर जातं तिच्यातूनच हौद रिकामा असताना आत येतं. शंका पक्की करायला हौद उपसून चेंबरमध्ये खाण्याचा गडद रंग ओता आणि काही तास पाहा. गेरीतून (रंगपंचमीच्या मिरवणुकीतून) उरलेला पक्का रंग वापरण्याचा मोह टाळा, महिनाभर हौद गुलाबी राहतो.

फट बुजवल्यावर निर्जंतुकीकरण: भिंती घासून, उपसून, पुन्हा भरा आणि १००० लिटरला १५० ग्रॅम पावडर, जुनी असेल तर २००. रात्रभर ठेवा, त्या पाण्याने घरातल्या टोट्याही भरून ठेवा, सकाळी सगळं सोडून द्या. हौदात माणूस उतरत असेल तर झाकण आधीपासून उघडं ठेवा आणि वर दुसरा माणूस उभा असू द्या. पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र नाही. विषारी वायू होतो. नर्मदेची जोडणी आणि बोरिंगची लाइन एकाच पाइपात जोडलेली असेल तर तोडा. दोन्ही हौदात वरून, पाण्याच्या पातळीच्या वर, सुटी पडायला हवीत.

तक्रार अशी लिहा की ती मिटवता येणार नाही

पाणी ‘जलप्रदाय’कडे, गटार ‘ड्रेनेज’कडे. दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून तक्रारी दोन करा आणि प्रत्येकीत दुसरीचा क्रमांक घाला. आधी निगमचं ‘इंदौर ३११’ ॲप, छायाचित्रांसह. दोन पुरवठ्यांत काही हललं नाही तर राज्य सरकारची सीएम हेल्पलाइन १८१. मजकूर हिंदीतच लिहा, वाचणाऱ्याला मराठी येतं असं धरून चालू नका. असा:

‘दिनांक … को सुबह ६.१० से ६.४० तक नल में ड्रेनेज की बदबू वाला पानी आया। मकान क्रमांक … से … तक कुल ९ घर प्रभावित। मकान … पर क्लोरीन शून्य, मकान … पर ०.२। दोनों के बीच ड्रेनेज चेम्बर है। कृपया अगले सप्लाई के समय ही निरीक्षण करें, सैंपल लें और तब तक टैंकर दें।’

‘सप्लाई के समय ही’ हे तीन-चार शब्द गाळू नका. तक्रार ज्या घरी सर्वांत वाईट पाणी येतं त्या घराच्या नावाने करा, आणि बाकीच्या घरांच्या सह्या झोन कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पार्षदाला (नगरसेवकाला) तीच प्रत द्या. शहरात ८५ वॉर्ड आहेत. आपला पार्षद नक्की कोण हे विचारून घ्या, वॉर्डाची हद्द पुष्कळदा गल्लीच्या मधूनच जाते.

१८१ वरची तक्रार सुटली नाही तर एल-१ या खालच्या पातळीच्या अधिकाऱ्याकडून वर एल-४ पर्यंत चढत जाते. म्हणूनच खालचा अधिकारी फोन करून ‘शिकायत बंद करवा दीजिए’ म्हणतो. गोड बोलतो, काम सुरू झालंय म्हणतो. पुढचे दोन पुरवठे तपासल्याशिवाय ‘संतुष्ट’ म्हणू नका. मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे थेट गाऱ्हाणं मांडायलाही जाता येतं, पण बाटल्या, नकाशा आणि आकडे हाती असतील तरच. नुसतं गाऱ्हाणं पुढे ढकललं जातं.

खोदतील तेव्हा हजर राहा

फुटक्या जागेवर रबराची ट्यूब गुंडाळून तारेने बांधली तर ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल. गंजलेला तुकडाच बदलायला सांगा. नवी जोडणी चेंबरच्या भिंतीतून किंवा नालीच्या पाण्यातून जाता कामा नये. बाजूने वळवणं शक्य नसेल तर ती नालीच्या वरून, दुसऱ्या जाड पाइपात घालून न्यावी, आणि त्या टप्प्यात एकही जोड नसावा. खड्डा बुजवण्याआधी पाइप, चेंबर आणि त्यांच्यातलं अंतर दिसेल असं टेप लावलेलं छायाचित्र काढून ठेवा. दुरुस्तीनंतर लाइन धुऊन, जास्त क्लोरीन सोडून, नमुना घेऊन मगच पाणी प्यायला सोडायला हवं. पहिला पुरवठा हौदात घेऊ नका.

गल्लीत रस्ता किंवा ड्रेनेजचं नवं काम निघालं असेल तर ते सुरू होण्याआधी झोनच्या अभियंत्याला आडवा छेद (कोणती लाइन कुठे आणि किती खोल जाणार ते दाखवणारं चित्र) मागा. पाण्याची आणि मैल्याची लाइन एकमेकींपासून ३ मीटर दूर असावी असा संकेत आहे. जुन्या इंदुरात अख्खी गल्लीच कधी तेवढी रुंद नसते. मग किमान पाण्याची लाइन रस्त्याच्या दुसऱ्या कडेला आणि मैल्याच्या लाइनीपेक्षा अर्धा मीटर वर, आणि जिथे एकमेकींना ओलांडावंच लागतं तिथे काटकोनात, जोड दूर ठेवून. सिमेंटचा रस्ता झाल्यावर हे मागून उपयोग नाही. काम पूर्ण झाल्याचा नकाशा माहितीच्या अधिकारात १० रुपयांत मागता येतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. तो मिळाला की तुमच्या फुल्यांच्या कागदाला जोडून ठेवा.