ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं ऑईल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) बदलताय? आधी ब्रीदर बघा

क्लच हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला क्लचचा डबा) तळाला एक छोटं भोक असतं, त्यातनं तेल टपकायला लागलं की येणारा-जाणारा सांगतो सील गेलं. आमचा गोराईतला म्हातारा बी-२७५ ट्रॅक्टर (महिंद्राचं जुनं मॉडेल, कांदिवलीला बनायचं) टपकायला लागला तेव्हा मी पण लगेच पाने घेऊन बसलो, आणि निम्मी मेहनत फुकट गेली. म्हणून क्रम सांगतो.

आधी गिअरबॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी) काढून बघा. आमच्याकडे खाऱ्या हवेने गंज आणि वर धूळ, पार बुजलेला. तेल गरम झालं की आत प्रेशर होतं, त्याला वाट नाही मिळाली की ते सीलमधनंच तेल ढकलतं, मग कितीही नवीन सील टाका. ब्रीदर डिझेलने धुवा, गेजवर लेव्हल बघा, जास्त भरलं असेल तर काढा, दोन दिवस चालवा. आणि हो, क्लच हाऊसिंगच्या तळाच्या भोकात कॉटर पिन (दुमडलेल्या तारेची पिन) लोंबत असेल तर राहू द्या, ती हलत राहते म्हणून भोक बुजत नाही.

तरी टपकतंय? मग बोटावर घेऊन वास घ्या. काळं आणि पातळ असेल तर इंजिनचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील. जाड आणि गंधकासारखा वास असेल तर गिअरबॉक्सचं. दोन्हीसाठी ट्रॅक्टर मधूनच, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करून, उघडावा लागतो, म्हणून मी म्हणेन एकदा उघडलाच तर दोन्ही सीलं बदला.

उघडायच्या आधी बॅटरीची वायर काढा, गिअरबॉक्सचं तेल काढून घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे मागचा आधार सुटला की इंजिन कुशीवर कलंडू शकतं. अ‍ॅक्सल आणि वरच्या ब्रॅकेटच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोका, गिअरबॉक्सखाली पक्का स्टँड किंवा जाड गुटके, इंजिनखाली चाकं असलेला जॅक. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. मग स्टिअरिंगचे दांडे, डिझेलचा पाईप, वायरी, थ्रॉटलचा रॉड सोडा (फोटो काढून ठेवा, नंतर कळत नाही कुठलं कुठे), जोडाचे बोल्ट काढा आणि पुढचा भाग सरळ पुढे ओढा.

रिलीज बेरिंग (क्लच दाबणारं बेरिंग) काढलं की शाफ्टभोवतीचं कव्हर दिसतं, सील त्याच्या आत. कव्हर सोडवा, जुनं सील उचकटा पण त्याची बैठक ओरखडू नका. सीलवर नंबर असेल तर ठीक, पुसला असेल तर व्हर्नियरने शाफ्ट, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. जुन्या मशीनचं माप इंचातही निघू शकतं, त्यामुळे मिलिमीटरमधलं "जवळपास बसतंय" म्हणून घेऊ नका. मी मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवीला (मुंबईतला मशीनच्या सामानाचा बाजार) जातो, जुनं सील खिशात घेऊनच.

शाफ्टवर नख फिरवा. सील घासून खाच पडली असेल तर नवीन सील पण गळणार. मग एकतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवा, नाहीतर जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे बसवा, म्हणजे ओठ (सीलची शाफ्टला टेकणारी आतली कड) कोऱ्या जागेवर येतो.

सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. उलटं बसवलं तर सगळं परत उघडायचं! ओठाला ग्रीस लावा, स्प्लाईनवर (शाफ्टवरच्या लांब दात्यांवर) टेप गुंडाळा नाहीतर रबर चिरतं, आणि सीलएवढ्या पाईपच्या तुकड्याने हळूहळू सरळ ठोका. कव्हरखाली नवीन पॅकिंग.

क्लच प्लेट तेलाने भिजली असेल तर पेट्रोलने पुसून भागत नाही, बदला. जोडताना फट राहिली तर बोल्टने ओढू नका, स्प्लाईन जुळले नाहीत एवढंच, फ्लायव्हील जरा फिरवा, आपोआप बसेल. मॅन्युअलमधलं तेल भरा, न्यूट्रलमध्ये वीस मिनिटं चालवा आणि रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी एखादा थेंब दिसला तर घाबरू नका, हाऊसिंगमधलं जुनं तेल निथळत असतं, तिसऱ्या दिवशीही पुठ्ठा ओला झाला तरच पाने काढा.