चेंबर बसवायला येणाऱ्या नव्या पोरांसाठी

डिप्लोमा करून ओएफसीच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबर केबलच्या, साइटवर लागलो तेव्हा डक्ट (केबल जाते ती नळी), स्प्लायसिंग (फायबर जोडणं), ओटीडीआर (फायबरमधला दोष शोधायचं यंत्र) कुणी ना कुणी शिकवलं. केबलचे जोड ठेवायला जमिनीत पुरतात त्या प्लास्टिकच्या चेंबरबद्दल मात्र चकार शब्द नाही. "खड्डा काढ, डबा ठेव, माती लोट." बास. म्हणून त्याबद्दलच लिहितोय.

चेंबरमध्ये पाणी येणारच, हे आधी डोक्यात पक्कं करा. पाणी अडवणं हे जॉइंट क्लोजरचं, म्हणजे केबलचा जोड ज्यात बंद असतो त्या डबीचं काम. चेंबरनं मातीचा आणि गाड्यांचा भार झेलायचा, केबलचा लूप (जादा ठेवलेलं वेटोळं) सांभाळायचा. नवखा माणूस इथंच फसतो. झाकणाला आणि बुडाच्या भोकांना सिलिकॉन फासून चेंबर हवाबंद करतो, आणि ठेकेदार वर शाबासकी देतो!

पंचगंगेकाठच्या जमिनीत असा चेंबर तरंगतो. हिशोब करा. लांबी, रुंदी, खोली 60 सेंटिमीटर असलेला रिकामा डबा पाण्यात बुडाला की 216 लिटर पाणी सारतो, म्हणजे त्याला खालून 216 किलोचा रेटा बसतो. डबा स्वतः तर एकटा गडी उचलतो. 2019 आणि 2021 ला कोल्हापुरात नदी 43 फुटांच्या धोका पातळीच्या किती वर गेली ते आपण बघितलंय, पण यासाठी महापूरच यायला पाहिजे असं नाही. उसाच्या बांधाकडेला जमिनीतलं पाणी वर आलं तरी पुरे. शिरोलीकडच्या एका साइटवर पाणी ओसरल्यावर झाकण वीतभर वर आलेलं होतं, डक्ट कपलरमधून (नळ्या जोडणाऱ्या तुकड्यातून) निसटलेला आणि आत गच्च गाळ. अशा डक्टमधून केबल ब्लो होत नाही, म्हणजे हवेच्या दाबानं आत ढकलता येत नाही. पुन्हा खोदाई.

त्यामुळे बुडाची भोकं उघडी ठेवा, खाली खडी अंथरा आणि बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर काँक्रीट टाकून ती दाबा. फोटोपुरतं चार घमेली टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सील करायची ती डक्टची तोंडं, रिकाम्या डक्टचीसुद्धा. भरायला काळी माती नको, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम घ्या, थराथरानं ठोका, आणि ठोकताना झाकण बसवलेलं असू दे, नाहीतर भिंती आत येतात.

झाकण निवडताना गळीत हंगाम आठवा. झाकणावर भाराचा वर्ग असतो: बी 125 म्हणजे साडेबारा टनांची चाचणी, ते फुटपाथला ठीक. जिथून उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जातात तिथं डी 400 च, म्हणजे चाळीस टन. यात काटकसर नाही.

एवढं वाचून घाबरू नका. ड्रॉइंग कळायला वेळ लागतो, मलाही लागला. सुरुवातीला साहेबांपेक्षा जुन्या मुकादमाच्या मागं राहा, जमिनीत पाणी कुठं वर येतं ते त्याला ठाऊक असतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर आपण बसवलेला चेंबर उघडून बघा. पाणी दिसलं तर दचकू नका. क्लोजर ब्रॅकेटवर आहे का, लूप सैल आहे का, डक्टची तोंडं बंद आहेत का, एवढं तपासा आणि झाकण लावा.