नारळी पौर्णिमेच्या आत जायरो तयार हवा

मासेमारी १ जूनला बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याला जाणाऱ्या होड्याही या दिवसांत वर ओढलेल्या असतात, तेव्हा कॅमेरा घेऊन बाहेर पडायचा प्रश्नच नाही. पडवीत बसून जायरो, म्हणजे फिरत्या चकत्यांच्या जोरावर कॅमेरा स्थिर ठेवणारं यंत्र, बांधायला हेच दिवस बरे. नारळी पौर्णिमेला धक्क्यावरच्या गर्दीत हात उंच करून छोटा कॅमेरा धरायचा असेल, तर त्याआधी निदान आठवडाभर हे यंत्र हातात खेळून झालेलं असावं.

बाजारातला गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मूठ) थरथर सेन्सरने मोजतो आणि मोटरीने खोडून काढतो. आपला प्रकार भोवऱ्याच्या जातीचा. जड चकती जोरात फिरत राहिली की तिचा आस कलायला सहजी तयार होत नाही, एवढ्याच हट्टाचा उपयोग करून घ्यायचा.

आधी चकत्या. दोन लागतील, पितळेच्या, ६० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२ मिलिमीटर जाडीच्या. एकेकीचं वजन २९० ग्रॅमच्या आसपास भरतं. लोखंडाच्या करू नका. माझ्या पहिल्या जोडीवर मृगातच तांबूस थर चढला आणि आधी साधलेला तोल गेला. लेथवाला विचारेलच, ‘भवरो करतंस की काय?’ हो म्हणावं, पण एक गोष्ट बजावून सांगावी: मधलं भोक आणि कड एकाच पकडीत मारायची, चकती मध्येच काढून उलटी लावायची नाही. नाहीतर भोक मध्यावर येत नाही आणि पुढचं सगळं काम वाढतं.

मोटरी ड्रोनच्या, ब्रशलेस, १००० केव्हीच्या (इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मिनिटाचे फेरे). ७.४ व्होल्टच्या, दोन सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर त्या रिकाम्या मिनिटाला ७४०० फेरे घेतील. प्रत्येकीला स्पीड कंट्रोलर आणि वेग कमी-जास्त करायला सर्वो टेस्टर. आपल्याला ६००० फेरे पुरे. वेग दुप्पट केला तर चकतीचा हट्ट दुप्पट होतो, पण तिच्यात साठलेली ऊर्जा चौपट, आणि काही सुटलं तर ती कोणाच्या तरी अंगावर येणार. ६००० फेऱ्यांनाच कडेचा वेग ताशी ६८ किलोमीटर होतो! चकतीचा भार मोटरीच्या बारीक दांड्यावर टाकू नका, दोन्ही बाजूंना ६०८ नंबरचं बेअरिंग द्या. ते रबरी झाकणाचं मागून घ्या. थोडं जड फिरतं, पण पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून खारं वारं आत जातं.

आता तोल. अर्धा पावसाळा इथेच जातो, जाऊ द्या. कडेला फक्त ०.१ ग्रॅम जास्त असलं तरी ६००० फेऱ्यांना ते सुमारे १२० ग्रॅमच्या ओढीने दांडा खेचतं, सेकंदाला शंभर वेळा. हाताला ती नुसती गुणगुण वाटते, पण चित्र जेलीसारखं लपलपतं. दाढीची दोन पाती लाकडी ठोकळ्यांत समांतर उभी करून पाणसळीने समतल करावीत. चकतीत दांडा घालून ती वर ठेवली की जड बाजू आपोआप खाली येते. तिथे ड्रिलने नखाएवढं खरवडायचं आणि पुन्हा ठेवायचं. कुठेही थांबवली तरी तिथेच राहिली की झालं. पंखा बंद ठेवा, दारातल्या झुळकेनेसुद्धा फसगत होते.

चकती कॅमेऱ्याला घट्ट बांधायची चूक जवळजवळ सगळेच करतात. मग कॅमेरा वर उचलायला गेलं की तो बाजूला कलतो. म्हणून मोटर-चकतीची जोडी अॅल्युमिनियमच्या पाळण्यात बसवून पाळणा दोन खिळ्यांवर झुलता ठेवायचा. दोन्ही चकत्यांचे आस उभे. एका पाळण्याचे खिळे डावी-उजवीकडे, तो क्षितिज सरळ राखतो. दुसऱ्याचे पुढे-मागे, तो लेन्स खाली-वर होऊ देत नाही. आस उभे असल्याने कॅमेरा आडवा फिरवायला मोकळा राहतो. पाळणा मध्यावर परत आणायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावा, स्प्रिंगपेक्षा त्या बऱ्या, कारण झोका जिरवतातही.

प्रत्येक चकतीभोवती लोखंडी पाइपाचं जाड कडं हवंच. पहिली फेरी हातात धरून नाही, परसात चार चिऱ्यांच्या आडोशाला, चष्मा घालून, वेग हळूहळू वाढवत घ्यायची.

राहिलेलं किरकोळ: कॅमेऱ्यासाठी पाव इंची स्क्रू, आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर (कॅमेऱ्याच्या माइकमध्ये नुसती घरघर येते), बॅटरी एका सेलला ३.३ व्होल्टच्या खाली न नेणं.

चाचणीला पाखाडी उत्तम. कॅमेऱ्याचं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद करून तुळशीवृंदावनावर नजर ठेवत पायऱ्या उतराव्यात, एकदा चकत्या फिरत असताना, एकदा थांबवून. होडीतही न्या, पण हाताची थरथर आणि इंजिनाची धडधड एवढंच हे यंत्र खातं. लाटेचा संथ डोल चित्रात येणारच, तो गुडघ्यांनी सांभाळायचा. आणि काम झालं की लगेच पिशवीत कोंबू नका, चकत्या बराच वेळ फिरत राहतात. मी एकदा तसं केलं, तर पिशवी बाकावरून आपली आपणच वळून खाली उतरली.