२३० व्होल्टांवरचा ट्वीड चॅम्प: जोडणी, मापं आणि गुणगुण

गिटारचा पहिलाच ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प्लिफायर) बांधत असाल तर फेंडरचा १९५०च्या दशकातला ५एफ१ चॅम्प घ्या. प्रीॲम्पला एक १२एएक्स७ (म्हणजेच ईसीसी८३), आउटपुटला एक ६व्ही६जीटी, रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ५वाय३जीटी, आणि जेमतेम ५ वॅट. टोन कंट्रोलसुद्धा नाही, त्यामुळे चूक शोधायला फार हिंडावं लागत नाही.

आत ३५० व्होल्टांच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढला तरी ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. म्हणून पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० के (किलोओहम), २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा. मिनिटभरात चार्ज उतरतो. तरीही मीटरने तपासल्याशिवाय हात घालायचा नाही. मेन्सची अर्थ वायर चॅसिसला स्वतंत्र बोल्टने आवळा.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचाच हवा. सेकंडरी ३२५-०-३२५, शिवाय हीटरसाठी ६.३ आणि रेक्टिफायरसाठी ५ व्होल्ट. फिल्टरला २२, १० आणि १० मायक्रोफॅरॅड. त्यांच्या मधे १० के आणि २२ केचे रेझिस्टर. कपॅसिटर ५०० व्होल्टांचेच घ्या, ४५०चे नकोत. ५वाय३ काही सेकंदांत तापते, ६व्ही६ला जास्त वेळ लागतो. तोवर लोड नसल्याने व्होल्टेज ४६०पर्यंत चढतं. पहिला कपॅसिटर २२हून मोठा घालायचा मोहही टाळा, ५वाय३वर ताण येतो.

हीटरच्या वायरी सगळ्यात आधी, घट्ट पिळून, चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या. ६.३ व्होल्टांच्या वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली वायर) नसेल तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १००-१०० ओहम जोडा.

थेट प्लग लावू नका. ६० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. आधी ट्यूब न बसवता: बल्ब क्षणभर उजळून विझायला हवा. पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. मग स्पीकर जोडा (स्पीकरशिवाय चालवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो), ट्यूब बसवा, आणि बल्ब मंद राहिला तरच थेट मेन्सवर या.

आता ६व्ही६ची मापं. पिन ८ला, म्हणजे कॅथोडला, १९ व्होल्टांच्या आसपास मिळायला हवेत. १९ भागिले कॅथोडच्या रेझिस्टरचे ४७० ओहम म्हणजे ४० मिलिअँपियर. त्यातले साधारण ३ स्क्रीन ग्रिडचे, उरलेले ३७ प्लेटचे. पिन ३वर, म्हणजे प्लेटला, ३४० असतील तर १९ वजा करून ३२१ गुणिले ०.०३७ अँपियर, म्हणजे ११.९ वॅट. जुन्या ६व्ही६च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट, तेव्हा हे काठावरचंच आहे. मेन्स २४०च्या पुढे जात असेल तर ४७०च्या जागी ५६० ओहम, ५ वॅट लावा. आवाजात फरक नगण्य, ट्यूब मात्र जास्त टिकते.

चालू करताच कर्कश शिट्टी वाजली तर ट्यूबला दोष देऊ नका. स्पीकरकडून येणारा २२ केचा फीडबॅक (आउटपुटमधून मागे आणलेला सिग्नल) उलटा लागलाय; आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करा. शिट्टी गेल्यावर २२ केऐवजी ४७ के लावून पाहा: गेन वाढतो, आवाज लवकर फाटतो. ब्लूजसाठी हेच बरं.

उरली गुणगुण. ती १०० हर्ट्‌झची असेल तर फिल्टर कपॅसिटर किंवा त्याचं ग्राउंड बघा. ५०ची, जाड आवाजाची असेल तर हीटरच्या वायरी किंवा इनपुट जॅकचं ग्राउंड. १२एएक्स७ काढून पाहा; तेवढ्याने थांबली तर दोष तिथे किंवा तिच्या आधी आहे, नाही थांबली तर पॉवर सप्लायकडून सुरुवात करा.