आतडं जोडण्याचा सराव: कार्यशाळा कशी घ्यावी, कशी तपासावी

निवासी डॉक्टरांना आतडं जोडायला शिकवायला महागडं सिम्युलेटर लागत नाही. मिरजेत किंवा सांगलीत खाटकाकडे बोकडाचं लहान आतडं आदल्या दिवशी सांगून ठेवा. प्रत्येकी 50 सेंटिमीटर पुरे. त्याला लागलेला पडदा, म्हणजे मेसेंटरी, काढू नकोस असं बजावून सांगा. गळती बऱ्याचदा त्याच कडेला होते आणि सोललेल्या आतड्यावर ती कडा शिकवताच येत नाही. ऑपरेशन थिएटरची हत्यारं इथे वापरू नका, वेगळा संच ठेवा.

शिकवताना आधी न बोलता नेहमीच्या वेगाने करून दाखवा. मग सावकाश, समजावत. तिसऱ्या वेळी शिकणाऱ्याने सांगायचं आणि तुम्ही फक्त तेवढंच करायचं. घाईत हीच पायरी गाळली जाते, पण गैरसमज इथेच उघडे पडतात. त्यानंतर त्याच्या हातात सुई द्या.

3-0 व्हिक्रिल, म्हणजे विरघळणारा बारीक धागा, आणि राउंड बॉडी, म्हणजे कापणारी धार नसलेली, सुई घ्या. आधी दोन्ही कडांना आधाराचे टाके. कडेपासून 4-5 मिलिमीटरवर सुई घाला, दोन टाक्यांत तेवढंच अंतर ठेवा. सबम्युकोसा, म्हणजे आतल्या अस्तराखालचा थर, टाक्यात आलाच पाहिजे, ताकद त्याच थरात असते. गाठ करकचून आवळली तर इथे काही दिसणार नाही, पण रुग्णात तिथला रक्तपुरवठा तुटेल. हे प्रत्येक टेबलावर सांगा. शेवटी दोन्हीकडे क्लॅम्प लावून रंगीत सलाईन हळूच भरा. गळती पाहून झाली की आतडं उभं चिरा. मागची भिंत टाक्यात अडकली असेल तर ती आतूनच दिसते.

अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळे 'उत्तम' लिहितात. त्यावरून हात सुधारला का ते कळत नाही. फक्त हातांचं चित्रीकरण करा: आधी, लगेच नंतर आणि 6 आठवड्यांनी. नावाऐवजी क्रमांक द्या आणि ज्यांनी या मुलांना शिकवलेलं नाही अशा दोन सर्जनांकडून ओसॅट्स, म्हणजे शस्त्रक्रियेचं कौशल्य जोखण्याच्या ठरावीक पद्धतीने, गुण घ्या. 7 मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5, म्हणजे एकूण 7 ते 35. नुसता वेळ मोजू नका, घाईने घातलेले टाकेही कमी वेळात होतात.

साताऱ्याहून, कराडहून मुलं येणार म्हणून सगळं एका दिवसात उरकायचा मोह होतो. तो आवरा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या टोरंटोतल्या अभ्यासात सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडण्याचं तेवढंच प्रशिक्षण 4 आठवड्यांत विभागून घेतलेले निवासी डॉक्टर महिन्याभरानंतर ते एकाच दिवसात घेतलेल्यांपेक्षा सरस ठरले होते. दर आठवड्याला यायला जमत नसेल तर पहिलं सत्र मिरजेत घ्या आणि उरलेली त्यांच्याच रुग्णालयात, तिथल्या वरिष्ठांना आधी हीच पद्धत शिकवून.